एका पायावरचा वुजू

फज्रच्या अजानला अजून वीस-पंचवीस मिनिटं असतात. घर झोपलेलं असतं. सत्तरी ओलांडलेल्या अम्मी उठतात, कुणाची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत जातात आणि दाराशी असलेली दोन-तीन इंचांची पायरी सवयीनं उतरतात. फरशी ओली असते, कारण रात्री कुणीतरी कपडे भिजवून ठेवलेले असतात. चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह, इथवर सगळं ठीक चालतं. मग त्या एका हातानं बेसिनची कड धरतात आणि उजवा पाय वर उचलतात.

मोमीनपुऱ्यातलं जुनं घर असो की कोंढव्यातला नवा फ्लॅट, पुण्यातल्या आपल्या कितीतरी घरांत हे रोज घडतं. ओल्या फरशीवर, अंधुक उजेडात, एका पायावर उभं राहून दुसरा पाय बेसिनमध्ये ठेवणं तिशीतल्या माणसालाही अवघड जातं. त्यात बेसिन ही धरायची वस्तू नाही. ते भिंतीत दोन बोल्टांवर टांगलेलं असतं. माणूस घसरला की तेही सोबत खाली येतं आणि चिनी मातीच्या तुकड्यांनी वेगळीच जखम होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. जीवघेण्या पडण्याचं प्रमाण साठीपुढच्या लोकांत सर्वांत जास्त आहे आणि यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आकडा मोठा आहे, पण घरात दिसतं ते वेगळंच. खुब्याचं हाड मोडतं, शस्त्रक्रिया होते, माणूस चालायलाही लागतो, आणि तरी भीती मनातून जात नाही. बाथरूमला जावं लागू नये म्हणून अशी माणसं पाणी कमी पितात. मग बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ सुरू होते. रमजानमध्ये हे आणखी वाढतं.

ज्येष्ठांच्या बाथरूमबद्दल जे छापून येतं त्यात बाथटब असतो, काचेचा शॉवर असतो. आपल्या घरातलं वयस्क माणूस दिवसातून पाच वेळा वुजूला जातं, इस्तिंजासाठी त्याहून अधिक वेळा. दहा-बारा फेऱ्या सहज होतात आणि त्यांतल्या दोन तर काळोखातल्या. त्यामुळे आपल्याकडे सुरुवात वुजूच्या जागेपासून करायला हवी. ती सुधारली की निम्मं काम झालं असं माझं मत आहे.

बसून वुजू

बसून वुजू करणं ही काही नवी सोय नाही. मशिदीच्या वुजूखान्यात आपण बसूनच वुजू करतो. घर बांधताना मात्र ती बैठक आपण विसरलो आणि बेसिन लावून मोकळे झालो. जुन्या मोरीत निदान एक पाट किंवा चौरंग असायचा.

घरातली बैठक मात्र मशिदीतल्यासारखी बुटकी नको. दुखऱ्या गुडघ्यांना खाली बसण्यापेक्षा तिथून उठणं जड जातं. बैठकीची उंची जमिनीपासून १७ ते १८ इंच ठेवावी, म्हणजे बसल्यावर मांडी आणि पोटरी यांचा काटकोन होतो आणि तळवे पूर्ण टेकतात. जागा असेल तर मिस्त्रीकडून विटांचा पक्का ओटा बांधून घ्यावा. वर कडप्पा किंवा ग्रॅनाइट टाकणार असाल तर पॉलिश नको, खरखरीत ठेवा आणि कडा गोल करून घ्या. जागा नसेल तर ॲल्युमिनियमच्या पायांचं, खाली जाड रबरी टोप्या असलेलं अंघोळीचं स्टूल सर्जिकलच्या दुकानात मिळतं. बहुतेक घरांत यासाठी मोल्डेड प्लास्टिकची खुर्ची वापरतात, तिचा मात्र भरवसा धरू नये. साबणाच्या पाण्यात तिचे पाय फाकतात आणि वजन एका बाजूला गेलं की ती सरळ निसटते.

बैठकीसमोर नळ हात लांबवल्यावर सहज येईल असा हवा, गुडघ्यांच्या थोडा वर. त्याला लवचीक नळीचा हँड शॉवर जोडला तर पाय उचलण्याचीच गरज राहत नाही. पाय जमिनीवर जाळीजवळ ठेवायचा आणि पाणी तिथे न्यायचं. बोटांच्या फटींत पाणी पोहोचवण्यासाठी वाकता येत नसेल तर लांब दांड्याचा मऊ ब्रश चालतो. मधुमेह असलेल्यांच्या बोटांच्या फटी नंतर कोरड्या केल्याच पाहिजेत, नाहीतर चिखल्या होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत.

फरशी ओली होण्याचं एक कारण आपला नळ आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आलं आहे. मजहबांनुसार हिशेब थोडा बदलतो, पण पाऊण ते एक लिटर धरा. आपण नळ सोडून बादलीभर पाणी घालवतो, आणि तेच पाणी पायाखाली राहतं. वयस्क माणसाजवळ भरलेला तांब्या किंवा बदना ठेवला तर पाणीही वाचतं आणि फरशीही.

वुजूसाठी कुणाची मदत घ्यायला अनेक बुजुर्ग कचरतात. "अजून एवढी वेळ आली नाही," असं म्हणतात. त्यांना हजरत मुगीरा बिन शुअबा (रजि.) यांची हदीस सांगावी. सफरीत प्रेषितांच्या (स.) वुजूसाठी त्यांनी पाणी ओतलं होतं. त्याच हदीसमध्ये खुफ्फांवर, म्हणजे चामड्याच्या मोज्यांवर, मसह केल्याचाही उल्लेख आहे. ही सवलत आपल्या बुजुर्गांपैकी फार थोडे वापरतात याचं मला आश्चर्य वाटतं. पूर्ण वुजू करून खुफ्फ घातले की मुक्कामी असलेल्या माणसाला एक दिवस आणि एक रात्र त्यांच्यावर मसह करता येतो. म्हणजे पाय धुण्याची अवघड क्रिया दिवसातून एकदाच, घरात कुणी जागं असताना, निवांत बसून करता येते. रोजच्या पातळ सुती मोज्यांवर हनफी आणि शाफई या दोन्ही मजहबांत मसह होत नाही, एवढं लक्षात ठेवा. पुण्यात दख्खनी हनफी घरांच्या शेजारी कोकणी शाफई घरंही आहेत, तेव्हा बारीकसारीक अटी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्याव्यात. पक्षाघात झालेल्या, कॅथेटर लावलेल्या किंवा पाणी अपाय करत असलेल्या माणसासाठी माजूरचे आणि तयम्मुमचे वेगळे मसले आहेत. सूरह माइदाच्या ज्या आयतीत वुजूचा हुकूम आहे, तिच्यातच तयम्मुमही सांगितलं आहे आणि अल्लाहला तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही या अर्थाचं वचनही आहे.

संडास आणि किबला

शहरातल्या जुन्या इमारतींत देशी संडास पायरीवर असतो. भांडं बसवायला खाली जागा नसल्यामुळे फूटभर उंच ओटा करून त्यावर ते बसवलेलं असतं. म्हणजे ओल्या पायानं चढा, उकिडवे बसा, उठा आणि पुन्हा उतरा. या चारही गोष्टी म्हातारपणी एकेक करून सुटत जातात.

फोडाफोड करून कमोड बसवणं हा सर्वांत चांगला उपाय. बैठकीची उंची तीच, १८ इंचांच्या आसपास. सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांतही कमोडच्या बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर सांगितली आहे. बाजारात मिळणारे बरेच कमोड त्याहून बुटके असतात, म्हणून दुकानात टेप घेऊन जा. आणि काम सुरू होण्याआधी मिस्त्रीला किबल्याची दिशा सांगा. पुण्यातून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. देशी भांडं काढून कमोड बसवताना पाइपच्या सोयीनं तो फिरवला जातो आणि मग तोंड किंवा पाठ किबल्याकडे येते. घरातले बुजुर्ग नव्या कमोडवर बसायलाच तयार नाहीत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी अनेकदा एवढंच कारण निघतं. सूनबाईंना वाटतं हट्ट आहे. कमोडचं तोंड उत्तर-दक्षिण ठेवलं की प्रश्न मिटतो.

भाड्याच्या किंवा पागडीच्या घरात फोडाफोड जमत नाही. तिथे देशी भांड्यावर ठेवायचा, मधोमध भोक असलेला लोखंडी किंवा प्लास्टिकचा कमोड स्टूल कामाला येतो. त्याचे चारही पाय सपाट जागेवर टेकतात का, हे आधी पाहा. ओटा अरुंद असेल तर एखादा पाय कडेवर येतो आणि मग तो स्टूल नसलेला बरा.

जेट स्प्रे किंवा बदना कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. तो मागच्या भिंतीवर असेल तर माणूस कंबर पिळून वळतं आणि तोल तिथेच जातो. तो पुढच्या बाजूला, चांगल्या हाताकडे हवा. ज्यांचा उजवा हात पक्षाघातानं गेला आहे त्यांच्यासाठी सगळी मांडणी डावीकडे करावी लागते. डाव्या हाताला मर्यादा असेल तर उजव्या हातानं इस्तिंजा करण्याची मुभा आहे, आणि अशा घरात कमोडच्या बैठकीलाच पाण्याची धार जोडून घेतली तर मोठी सोय होते.

काशेवाडी, लोहियानगरसारख्या वस्त्यांत प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. जिथे संडास घराबाहेर आहे तिथे रात्रीची फेरी हाच धोका. अशा घरांत रात्रीपुरती कमोड खुर्ची पलंगाजवळ, पडद्याआड ठेवावी. घरात स्वतःचा संडास बांधून घ्यायची इच्छा असेल तर पुण्यातली 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था १९९३ पासून वस्त्यांमध्ये काम करते. एक घर, एक शौचालय या त्यांच्या पद्धतीत साहित्य संस्था पुरवते आणि बांधकाम कुटुंब स्वतः करून घेतं. बांधतानाच म्हाताऱ्या माणसाचा विचार केला तर उंबरा न ठेवणं आणि भिंतीत एक हँडल बसवणं याला वेगळा खर्च जवळजवळ पडत नाही.

धरायला काय

टॉवेलचा रॉड हे हँडल नाही. तो कपड्यांच्या वजनासाठी असतो. रबरी कपानं टाइलला चिकटणारी हँडलंही मिळतात, पण टाइलवर साबणाचा थर असला की ती ऐनवेळी सुटतात. भिंतीत ड्रिल करून बसवलेला स्टेनलेस स्टीलचा ग्रॅब बारच हवा. तो मुठीत मावेल एवढा, सव्वा ते दीड इंच जाडीचा असावा, आणि भिंत व बार यांत दीड इंचाची फट असावी. फट जास्त असेल तर घसरताना कोपर आत अडकतं.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे बार, फास्टनर, बिजागऱ्या सगळं एका फेरीत मिळतं. पण बार आणण्याआधी आपली भिंत कशाची आहे ते पाहा. पेठांतल्या जुन्या घरांत माती-विटांच्या भिंती असतात, तिथे साधा प्लग माती घेऊन बाहेर येतो. नव्या इमारतींत हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत साधा फास्टनर टिकत नाही. दोन्हीकडे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून पट्टी लावणं सुरक्षित. काम झालं की मिस्त्रीला स्वतः त्या बारला लोंबकळायला सांगा. तो कां-कूं करू लागला तर काम पक्कं झालेलं नाही.

बार कोणत्या उंचीवर हवा याचं पुस्तकी माप असतं, पण आपल्या माणसाचं माप घेणं बरं. अब्बांना कपड्यांनिशी कमोडवर बसवा, उठायला सांगा आणि हात आपोआप जिथे जातो तिथे खडूनं खूण करा. तसंच वुजूच्या बैठकीपाशी, तसंच दाराशी. तीन खुणा, तीन बार. एखाद्या घरात अब्बा म्हणतात, "चाळीस वर्षं याच मोरीत अंघोळ करतोय, मला काही झालं नाही." त्यावर वाद घालू नका. गरोदर सुनेला आणि पाय मुरगळलेल्या नातवालाही बार लागतोच. सगळ्यांसाठी बसवतोय म्हटलं की विरोध मावळतो.

फरशीबद्दल थोडक्यात. जुन्या मोऱ्यांत टाकीचे घाव घातलेली शहाबादी फरशी असायची, ती ओली असतानाही पाय धरायची. आता गुळगुळीत चकचकीत टाइल्स आल्या. बदलायच्या असतील तर मॅट, लहान आकाराच्या घ्या. सांधे जास्त असले की पकड वाढते. दुकानात टाइलवर पाणी ओतून अनवाणी पाय घासून पाहायला लाजू नका. बदलायच्या नसतील तर भोकांची रबरी मॅट टाका, पण ती रोज उचलून खालचा बुळबुळीत थर घासा. दाराबाहेरचं पायपुसणंही खाली रबर असलेलंच हवं. जुनी चादर घडी घालून टाकलेलं पायपुसणं टाइलवर माणसासकट सरकतं.

कडी, दिवा, गरम पाणी

पडद्याची सवय असलेल्या अम्मी बाथरूमची कडी आतून लावणारच. लावू नका म्हणणं त्यांच्या हयेला धक्का देणं आहे, आणि ते त्या ऐकणारही नाहीत. कडी बदला. बाहेरून नाणं किंवा स्क्रू-ड्रायव्हर फिरवून उघडता येईल असं कुलूप मिळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दार बाहेर उघडेल असं करून घ्या. लहान बाथरूममध्ये माणूस पडलं की त्याच्या अंगानंच दार आतून अडतं आणि घरचे बाहेर हतबल उभे राहतात. बिजागऱ्या फिरवण्याचं काम सुतार काही तासांत करतो.

बॅटरीवर चालणारी बिनतारी दारघंटी आणून तिचं बटण बाथरूममध्ये गुडघ्यापेक्षा खाली चिकटवा. खाली पडलेल्या माणसाचा हात तिथपर्यंत पोहोचतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत हालचालीनं आपोआप लागणारे छोटे दिवे लावले की तहज्जुदला उठणाऱ्यांना बटण शोधावं लागत नाही. आणि उठल्या उठल्या चालू नये. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटं बसावं, कारण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उभं राहिलं की भोवळ येते. रमजानमध्ये लघवीची गोळी इफ्तारनंतर घेतली तर रात्रभर फेऱ्या होतात. शाबानमध्येच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या.

गिझरचं तापमान ५० अंशांच्या वर ठेवू नका. ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही.

पैशांची सोय

राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकदाच ३००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. साधनांच्या यादीत कमोड खुर्ची आणि वॉकर आहेत. आधार कार्ड, खात्याचं पासबुक, उत्पन्नाचं घोषणापत्र लागतं, आणि वस्तूची पावती जपून ठेवून नंतर द्यावी लागते. समाजकल्याण खात्याचं पुण्यातलं कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अर्ज सध्या घेतात का हे विचारूनच ज्येष्ठांना तिथे न्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनीही मोफत आहे. ग्रॅब बार मात्र या पैशांत धरलेले नाहीत, ते घरालाच बसवावे लागतात. भावंडांनी वाटून घेतले तर कुणाच्याही खिशाला जड जाऊ नयेत.

आणि तरीही कुणी पडलंच, तर घाईनं बगलेत हात घालून उचलू नका. आधी जिथे आहेत तिथेच अंगावर चादर टाका आणि बोलतं ठेवा. एक पाय आखूड दिसत असेल, पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, किंवा जांघेत कळ येत असेल तर खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. १०८ वर फोन करा, तोवर खायला-प्यायला काही देऊ नका, कारण शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी तपासणी हवी.

मशिदींच्या ट्रस्टींनाही एक विनंती. वुजूखान्यातल्या रांगेतल्या शेवटच्या दोन बैठका १८ इंच उंचीच्या करून शेजारच्या भिंतीत एकेक बार बसवला, तर घरी वुजू करून ओल्या पायांनी मशिदीचा जिना चढणाऱ्या कितीतरी बुजुर्गांना तिथेच निवांत बसून वुजू करता येईल. काम दोन दिवसांचं आहे. रमजानच्या आधीच्या रंगरंगोटीत ते सहज बसतं.